दाताच्या डॉक्टरची भीती : दुखतं म्हणून टाळतो, की टाळतो म्हणून दुखतं?

मृण्मयी_ज
नमस्कार मंडळी.

दाढ किडलेली असते, थंड पाणी लागलं की कळ पार कानापर्यंत जाते, तरी माणूस महिनोन्महिने एकाच बाजूने चावत राहतो. घरचे म्हणतात आळशी आहे, हलगर्जी आहे. मला हे पटत नाही. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि सध्या दातांच्या भीतीवरचं संशोधन वाचतेय. ते वाचून माझं ठाम मत झालंय की यातली बरीचशी माणसं घाबरलेली असतात, आणि घाबरलेल्या माणसाला रागावलं की तो आणखी लांब पळतो.

इंग्लंडमधे जेराल्ड केंट म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा १९८५ चा अभ्यास मला सगळ्यात जास्त विचारात पाडून गेला. त्यांनी दातांच्या पेशंटना खुर्चीत बसायच्या आधी विचारलं किती दुखेल असं वाटतंय, उपचार झाल्या झाल्या विचारलं किती दुखलं, आणि तीन महिन्यांनी परत विचारलं की तेव्हा किती दुखलं होतं. तर तीन महिन्यांनी लोकांना जे आठवत होतं ते प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा आधीच्या धास्तीशी जास्त जुळणारं निघालं, आणि ज्यांची भीती जास्त त्यांच्यात हे जास्त. म्हणजे कमी दुखलं हा अनुभव मनात टिकतच नाही, धास्ती टिकते, आणि पुढच्या वेळी माणूस तीच धास्ती घेऊन निघतो. खरं तर निघतच नाही.

दुसरं काम स्वीडनमधलं. गोटेबोर्गच्या उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मधे हे चक्र मांडलं: भीतीमुळे टाळाटाळ, टाळाटाळीमुळे तोंडाची अवस्था वाईट, त्या अवस्थेची लाज, आणि लाजेमुळे आणखी भीती. यातल्या लाजेबद्दल आपण कधीच बोलत नाही असं मला वाटतं.

तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? सुई, ड्रिलचा आवाज, वास, खर्च, की डॉक्टर बोलतील याची? आणि ज्यांची भीती गेली त्यांची कशाने गेली? मोकळेपणाने लिहा.

बंड्या_सोलापूर
आवाज!! बाहेर बाकावर बसलेलं असताना आतून तो घुंईंऽऽ ऐकू आला की दाढ आपोआप बरी झाल्यासारखी वाटते :)

रसिका_ठाणे
माझं उत्तर सुई. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता लोकलमधे आहे.

निनाद_नाशिक
मृण्मयीताई, लाजेचं वाचून थांबलो जरा. लिहितोच.

सहावी-सातवीत असेन. गावातल्या एका दवाखान्यात वडील घेऊन गेले, खालची दाढ काढायची होती. इंजेक्शन दिलं आणि लगेच पकड लावली, भूल चढलीच नव्हती. मी ओरडलो तर डॉक्टर म्हणाले एवढा मोठा घोडा झालास आणि रडतोस काय, आणि कंपाउंडरने डोकं मागून घट्ट धरलं. त्या खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन फाटलेलं होतं आणि आतला पिवळा स्पंज बाहेर आलेला, मी त्यात बोट खुपसून बसलो होतो, तो भुसभुशीत स्पर्श अजून बोटाला आठवतो, दुखणं किती होतं ते मात्र आता सांगता येत नाही.

त्यानंतर कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, दातांच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. आता उजवीकडच्या दोन दाढा नुसते खुंट राहिलेत. फोटो काढताना तोंड मिटून हसतो. भीती दुखण्याची नाही हो. आपण उताणे पडलेलो, तोंडात दोन माणसांचे हात, बोलता येत नाही, आणि थांबा म्हटलेलं कुणी ऐकत नाही, त्याची आहे.

मृण्मयी_ज
निनाद, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुम्ही जे शेवटी म्हणालात ना, ते ऑस्ट्रेलियातल्या जेसन आर्मफिल्ड यांच्या कामाशी तंतोतंत जुळतं. त्यांचं म्हणणं, भीती चार गोष्टींच्या जाणिवेतून बनते. आपल्या हातात काही नाही, पुढे काय होईल ते कळत नाही, धोका आहे, आणि किळस. २०१० च्या त्यांच्या अभ्यासात तर असं दिसलं की आज किती भीती वाटते हे जुन्या वाईट अनुभवांपेक्षा या समजांवरून जास्त चांगलं सांगता येतं. अनुभव पुसता येत नाही पण 'माझ्या हातात काही नाही' हे बदलता येतं, म्हणून मला यात आशा दिसते.

दातवाली_डॉक्टर
मी बीडीएस, साताऱ्याजवळ छोटं क्लिनिक आहे. निनाद, तुमच्याशी जे झालं ते व्हायला नको होतं. भूल चढली का हे तपासल्याशिवाय पकड लावायची नसते. ओठ जड झाला का विचारायचं, हिरडीला टोकदार उपकरण लावून बघायचं, मगच पुढे.

एक गोष्ट सगळ्यांना सांगते कारण पेशंटना वाटतं डॉक्टरने नीट भूल दिली नाही किंवा माझ्यावर भूल चालतच नाही. दाढ फार सुजलेली, ठणकणारी असली की त्या भागात आम्लता वाढलेली असते. भुलेचं औषध नसेच्या आवरणातून आत शिरावं लागतं, आणि आम्लतेत त्याचा आत शिरू शकणारा भाग कमी होतो. म्हणून दुखणं अगदी असह्य झाल्यावर आलेल्या पेशंटला भूल लागायला त्रास होतो, जास्तीचं इंजेक्शन लागतं, वेळ लागतो. जो माणूस भीतीने सगळ्यात उशिरा येतो त्यालाच सगळ्यात जास्त दुखायची शक्यता असते. आणि मग त्याला वाटतं, बघा, मी म्हणत होतो ना. मृण्मयीताईंच्या धाग्याच्या नावातला दुसरा अर्धा भाग म्हणून शब्दशः खरा आहे.

आणि हात वर करायचा करार. मी सुरू करायच्या आधी प्रत्येकाला सांगते, डावा हात वर केला की मी थांबणार, कारण विचारणार नाही. पहिल्यांदा लोक हात वर करतात ते बऱ्याचदा दुखतं म्हणून नाही, मी खरंच थांबते का ते बघायला. मी थांबते. मग खांदे सैल पडलेले मला स्पष्ट दिसतात.

मृण्मयी_ज
डॉक्टर, याला संशोधनाचा आधार आहे. नॉर्मन कोरा यांनी १९७३ मधे लहान मुलांवर हे करून बघितलं, काही मुलांना डॉक्टरला इशारा द्यायची सोय दिली. जास्त त्रासदायक टप्प्यांवर अशा मुलांच्या शरीराची घाबरल्याची प्रतिक्रिया कमी होती. दातांच्या भीतीची पहिली गाजलेली चार प्रश्नांची प्रश्नावली पण याच कोरांची, १९६९ ची.

तात्या_वि
धागा वाचला. मतभेद नोंदवतो, राग नसावा.

ही भीती-बिती शहरातली चैन आहे असं माझं प्रामाणिक मत. रोजंदारीवर जाणारा माणूस दाताच्या डॉक्टरकडे जात नाही कारण रूट कॅनाल आणि वर कॅप म्हटलं की पाच-सात हजार लागतात आणि त्यात परत चार चकरा, म्हणजे तेवढे दिवस मजुरी बुडाली. तो लवंग दाबून धरतो, अगदीच झालं तर मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो, आणि शेवटी दाढ उपटून घेतो कारण उपटणं स्वस्त. त्याला तुम्ही पाश्चात्य देशातल्या प्रश्नावल्या देणार काय? आधी तालुक्याला सरकारी दंतवैद्य बसवा, खुर्ची चालू ठेवा, मग मानसशास्त्र.

बंड्या_सोलापूर
तात्यांशी सहमत. पण माझा चुलतभाऊ बँकेत आहे, मेडिक्लेम आहे, पैसा आहे, तरी तोंड धरून बसतो. त्याचं काय म्हणायचं?

मृण्मयी_ज
तात्या, राग कसला, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पैसा आणि अंतर ही खरी अडचण आहे आणि त्यावर भांडलंच पाहिजे. पण भीती ही चैन नाही. ब्रिटनमधे सरकारी आरोग्यसेवेत दातांचे उपचार सवलतीत होतात, तिथल्या २००९ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ टक्के प्रौढांची भीती टोकाची निघाली. २०२१ मधे जगभरातल्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली, त्यात साधारण १५ टक्के प्रौढांना दातांच्या उपचारांची भीती, आणि ३ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती अतितीव्र. तेव्हा दवाखाना दारात आला तरी यातली बरीच माणसं मागच्या दाराने निघून जातील. आणि गरीब माणूस घाबरत नाही असं थोडंच आहे? त्याला ते बोलून दाखवायची सवड आणि जागा मिळत नाही एवढंच. तुम्ही म्हणता तो दाढ उपटून घेणारा मजूर, त्याच्या पोराने ते बघितलेलं असतं.

आप्पा_गुहागर
आमच्याकडे वेगळीच भीती. वरची दाढ काढली की डोळा जातो. आमच्या वाडीत आजही म्हातारी माणसं हे सांगतात आणि त्या धाकाने कित्येकांनी सडकी दाढ तशीच ठेवली आहे. डॉक्टर, यात काही तथ्य आहे काय?

दातवाली_डॉक्टर
आप्पा, अजिबात तथ्य नाही. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि डोळ्याने बघायची नस पूर्ण वेगळी, दाढ काढून नजर जात नाही. हा समज बहुधा यातून आला असावा की दात काढायची वेळ येते ते वय आणि मोतीबिंदूचं वय जवळजवळ एकच, मग लोक दोन्ही जोडतात. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर सूज गालावर, डोळ्याखालपर्यंत चढते, ते खरं धोक्याचं. त्या म्हाताऱ्यांना असं सांगून बघा.

तसंच दातातली कीड काढून देतो म्हणणारे येतात, धुरी देतात आणि कापसावर बारीक अळ्या दाखवतात. दातात अळ्या नसतात हो. जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि दात त्या आम्लाने झिजतो.

सई_कोल्हापूर
माझा मुलगा पाच वर्षांचा. दुधाच्या दाढेत सिमेंट भरायला न्यायचंय आणि घरात सगळेच त्याला सांगाय लागलेत, गप जेव नाहीतर डॉक्टर सुई टोचतील. मी किती वेळा म्हटलं असं नका सांगू, पण सासूबाईंना वाटतं त्यात काय एवढं, आम्हीपण असंच वाढवलं. आता त्याने परवा स्वतःच विचारलं, आई दात काढताना रक्त किती येतं? काय सांगू ओ त्याला?

मृण्मयी_ज
सई, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मधे मांडलं होतं की भीती तीन वाटांनी येते, स्वतःच्या अनुभवाने, दुसऱ्याला घाबरलेलं बघून, आणि नुसतं ऐकून. तुमच्या मुलाला अजून कुणी हातही लावलेला नाही आणि तिसऱ्या वाटेने ती घरात शिरतेय.

आणि तुमच्यासाठी एक फार कामाची गोष्ट. ब्रिटनमधल्या ग्रॅहम डेव्हींचा १९८९ चा अभ्यास आहे. त्यांना प्रश्न पडला की दातांचा वाईट, दुखरा अनुभव तर पुष्कळांना येतो, मग सगळेच कायमचे का घाबरत नाहीत? तर ज्यांना दुखरा अनुभव येऊनही भीती बसली नाही, त्यांच्या त्याआधी बऱ्याच बिनदुखीच्या भेटी झालेल्या होत्या. ज्यांची पहिल्या काही भेटींतच वाट लागली त्यांच्यात भीती बसली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो हे खरंच, पण आधी गार ताक भरपूर प्यायलेलं असेल तर एका चटक्याने तो ताक सोडत नाही. म्हणून मुलाला दुखायला लागायच्या आधी न्यावं. नुसतं खुर्चीत बसणं, खुर्ची वरखाली करून बघणं, दात मोजून घेणं, एवढ्यावर घरी. तुमच्या बाबतीत सिमेंट भरायचंच आहे तर शक्य असेल तर त्याआधी अशी एक नुसती भेट करा.

दातवाली_डॉक्टर
+१. मुलांना आम्ही आधी सांगतो, मग दाखवतो, मग करतो, ही पद्धत अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मधे लिहून ठेवली आणि आजही कॉलेजात तीच शिकवतात. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवायचा, हवेचा फवारा तळहातावर मारायचा. आणि सई, रक्ताचं विचारलं तर खरं सांगा, तुझा दात काढायचा नाहीये, साफ करून भरायचा आहे, थोडं विचित्र वाटेल आणि हात वर केलास की डॉक्टर थांबतील. 'अजिबात काही होणार नाही' असं मात्र सांगू नका, काही झालं तर तो तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही. सासूबाईंनाच सोबत घेऊन या, त्यांना बघू दे.

वैभव_प
चांगला धागा, पण थोडी शंका. केंटचा अभ्यास आठवणीवर आहे आणि डेव्हींचा पण लोकांनी मागचं आठवून सांगितलेल्या माहितीवर. पहिल्याच अभ्यासात आपण म्हणतोय की घाबरलेल्या माणसाची आठवण धास्तीच्या बाजूने झुकते, मग दुसऱ्या अभ्यासातल्या त्याच माणसांच्या आठवणीवर विश्वास कसा ठेवायचा? ज्याला आज भीती वाटते तो लहानपणची प्रत्येक भेट दुखरीच सांगणार. आणि बरेचसे नमुने पाश्चात्य. निष्कर्ष चूक आहेत असं मी म्हणत नाही, पण कारण आणि परिणाम यातून सुटे होत नाहीत.

मृण्मयी_ज
वैभव, हा आक्षेप अगदी योग्य आहे, आणि वर्गात मी हे दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून हेच विचारणार आहे. आठवणीच्या अभ्यासांवरून भीती कशी सुरू झाली हे पक्कं सांगता येत नाही. पण भीती कशाने जाते हे प्रयोगाने तपासता येतं, आणि तिथे पुरावा जास्त भक्कम आहे. जर्मनीत २००० साली टॉम, सार्टोरी आणि योहरेन यांनी दातांची तीव्र भीती असलेल्या ५० जणांवर तुलना केली. काहींना उपचाराआधी एका बैठकीचा मानसोपचार, काहींना शांत करणारी गोळी, काहींना दोन्ही नाही. त्या दिवशी गोळीवाले आणि मानसोपचारवाले दोघेही बरे राहिले. पण पुढचे दातांचे उपचार पूर्ण किती जणांनी केले? मानसोपचारवाल्यांपैकी ७० टक्के, गोळीवाल्यांपैकी २० टक्के, आणि काहीच न मिळालेल्यांपैकी १० टक्के. गोळीने तो दिवस निभावला, भीती होती तिथेच राहिली.

लंडनच्या किंग्ज कॉलेजचे टिम न्यूटन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मधे त्यांच्याकडच्या १३० पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना विचार आणि वागणूक बदलण्याचा मानसोपचार दिला होता, सरासरी पाच भेटी. ७९ टक्के लोकांनी पुढे गुंगीच्या औषधाशिवाय दातांचे उपचार करून घेतले. पाच भेटी हो फक्त! वर्षानुवर्षं तोंड मिटून हसणाऱ्या माणसाच्या मानाने हे किती कमी आहे.

वैभव_प
हे पटलं. वाचनखूण साठवली.

रसिका_ठाणे
आले. तर माझं सुईचं. मला दुखण्याची भीती नाही, मला चक्करच येते. सिरिंज दिसली की आधी छातीत धडधडतं, मग एकदम गार घाम, कानात आवाज, आणि मी गायब. दवाखान्यात सगळ्यांची पळापळ, मग पाय वर, मग लिंबू सरबत. लोकांना वाटतं नाटक. त्यामुळे मी अपॉइंटमेंटच घेत नाही. मला 'दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड' हे सगळ्यांनी सांगून झालंय, त्याने चक्कर लवकर येते असं माझं स्वतःचं निरीक्षण आहे.

मृण्मयी_ज
रसिका, तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे! रक्त आणि सुईच्या भीतीत शरीर वेगळं वागतं. बाकीच्या भीतीत रक्तदाब चढतो आणि चढलेला राहतो, यात आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो, म्हणून चक्कर. त्यामुळे अंग सैल सोडणं इथे उलटं पडू शकतं. स्वीडनचे लार्स-योरान ओस्ट यांनी १९८७ मधे यासाठी एक पद्धत मांडली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, मग सोडायचे पण पार ढिलं व्हायचं नाही, नेहमीसारखं व्हायचं, अर्धा मिनिट थांबून परत. घरी रोज सराव करायचा आणि सुईच्या आधी सुरू करायचं. ज्या हातात किंवा भागात सुई आहे तो मोकळा ठेवायचा. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

गोटेबोर्गवाली
माझ्या गावाचं नाव धाग्यात बघून लॉगिन केलं! मी इथे बरीच वर्षं आहे. पुण्यात असताना मी दातांना घाबरणाऱ्यांतलीच. इथे पहिल्यांदा गेले तेव्हा फॉर्मवरच विचारलेलं होतं की उपचारांची भीती वाटते का. मी जपून 'थोडी' वर खूण केली. तर डॉक्टरबाईंनी त्या दिवशी तोंडात काही केलंच नाही, खुर्ची सरळ ठेवली, समोर बसून विचारलं कशाची. मी म्हटलं उताणं पडायची. त्या म्हणाल्या ठीक आहे, मग शक्य आहे तेवढं बसूनच करू. कुणी असं विचारू शकतं हेच मला माहीत नव्हतं. आता मुलांना घेऊन मीच पुढे असते.

फार्मसीवाला_अमोल
अवांतर आहे पण राहवत नाही. दुखणं आणि मन यावरचे दोन सगळ्यात गाजलेले प्रयोग अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर झालेत.

१९७८ मधे कॅलिफोर्नियात लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्यांना वेदनाशामकाच्या जागी औषध नसलेलं द्रव्य दिलं, काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग नॅलॉक्सोन दिलं, जे अफूसारख्या औषधांचा परिणाम अडवतं, तर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशावर शरीराने स्वतःचं अफूसारखं वेदनाशामक सोडलं होतं.

दुसरा १९८५ चा, ग्रेसली आणि सहकाऱ्यांचा. अक्कलदाढेचेच पेशंट. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना एका गटात माहीत होतं की आपल्या हातात फेंटानिल, म्हणजे खरं तीव्र वेदनाशामक, असण्याची शक्यताच नाही, दुसऱ्या गटात ती शक्यता होती. पेशंटना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन मिळालेल्या पेशंटमधे आराम त्यांनाच पडला ज्यांच्या डॉक्टरला खऱ्या औषधाची शक्यता वाटत होती. डॉक्टरच्या मनातलं न बोलता पेशंटपर्यंत पोचतं. मी काउंटरवर असताना हे रोज लक्षात ठेवतो.

दातवाली_डॉक्टर
अवांतर कसलं अमोल, हा आमच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात पाहिजे.

तात्या_वि
परत आलो. सकाळचं लिहिलं ते खर्चाबद्दल होतं आणि त्यावर मी ठाम आहे. पण एक विचारायचंय. आमच्या सौ. लहानपणापासून मशेरी लावतात. आतल्या गालाला पांढरट डाग आहे, मिरची लागली की चुरचुरतं. मी म्हणतो दाखवू, त्या म्हणतात डॉक्टर बोलतील, मशेरीवरून सगळ्यांसमोर काढतील, नको. मला इतके दिवस वाटत होतं हट्टीपणा. धागा वाचून वाटलं ती लाज असणार. काय करावं?

दातवाली_डॉक्टर
तात्या, हे लांबवू नका, याच आठवड्यात दाखवा. मशेरी, तंबाखू लावणाऱ्याच्या गालातला पांढरा किंवा लाल डाग, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तज्ज्ञाने बघायलाच हवा. बहुतेक डाग कॅन्सर नसतात, पण कुठला काय ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर कळलं तर उपचार सोपे असतात. खर्चाचं म्हणाल तर मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलजवळ नायर डेंटल आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगीच्या मानाने फार कमी पैशात होतं.

आणि वहिनींसाठी. आधी तुम्ही एकटे आत जा आणि डॉक्टरांना सांगा, त्यांना मशेरीवरून बोलणं ऐकायची भीती आहे, आज फक्त डाग बघा, मशेरीचं पुढच्या वेळी बोलू. ऐकणारा डॉक्टर ऐकेल. नाही ऐकला तर दुसरा बघा.

तात्या_वि
ठीक. शुक्रवारी संभाजीनगरला पुतण्याकडे जाणं आहेच, सोबत नेतो.

सई_कोल्हापूर
तात्या, काकूंना सांगा आम्ही सगळे सोबत आहोत. काय झालं ते नक्की लिहा.

बंड्या_सोलापूर
मृण्मयीताई, त्या प्रश्नावलीचे प्रश्न द्या ना इथे. चुलतभावाला पाठवतो.

मृण्मयी_ज
देते. ही कोरांच्या प्रश्नावलीची सुधारलेली आवृत्ती, १९९५ मधे जेरी हंफ्रिस यांनी केलेली, पाच प्रश्नांची. मी माझ्या शब्दात लिहितेय. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर आज कसं वाटेल? बाहेर नंबरची वाट बघताना कसं वाटेल? दाताला ड्रिल लावणार असतील तेव्हा? दात साफ करणार असतील तेव्हा? वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत भुलेचं इंजेक्शन देणार असतील तेव्हा? प्रत्येकाला अजिबात भीती नाही म्हणजे १ आणि टोकाची भीती म्हणजे ५. बेरीज १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजतात. हे निदान नाही, बोलायला सुरुवात करायचं साधन आहे.

रसिका_ठाणे
१७. शेवटच्या प्रश्नाला ५ अर्थात.

आप्पा_गुहागर
९. आमचं बरं आहे.

बंड्या_सोलापूर
१४. सगळे गुण आवाजाचे.

निनाद_नाशिक
२३.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली चल मी येते. पण तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही हे मला माहीत आहे. पहिलंच वाक्य काय बोलायचं?

मृण्मयी_ज
निनाद, काही बोलू नका. प्रश्न आणि २३ हा आकडा कागदावर लिहा आणि खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या. हे मी मनाने सांगत नाही. २००२ मधे हंफ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या साध्या दवाखान्यांत हेच करून बघितलं. घाबरणाऱ्या सगळ्या पेशंटनी प्रश्नावली भरली, पण निम्म्यांचीच डॉक्टरपर्यंत पोचवली. ज्यांची डॉक्टरने बघितली, त्यांची घबराट दवाखान्यातून निघेपर्यंत जास्त उतरली होती.

दातवाली_डॉक्टर
आणि अपॉइंटमेंट घेताना फोनवर एवढंच सांगायला वहिनींना सांगा, 'पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि एक्स-रे, त्या दिवशी काही करायचं नाही.' सकाळची वेळ घ्या म्हणजे दिवसभर धास्ती वाहावी लागत नाही. खाऊन जा. खुंट बघून कुणी रागावलं तर उठून या, नाशिकमधे चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत.

निनाद_नाशिक
सोमवारी सकाळी साडेदहाची मिळाली. तिनेच फोन केला, तपासणी आणि एक्स-रे एवढंच म्हणून सांगितलंय. हात वर करायचं कागदावरच लिहू ना, आकड्याच्या खाली?

दातवाली_डॉक्टर
हो, खालीच लिहा. मोठ्या अक्षरात.